दोघांच्या वजनाची स्प्रिंग

शव्वाल १४, गुरुवार

बिस्मिल्ला.

आज बाजाराला जाताना कोरड्या नदीच्या पात्रात माझ्या दुचाकी गाडीचं मागचं चाक गेलं. खड्डा दिसला होता, पण समोरून बकऱ्या आल्या, त्यांना वाचवायला गेले आणि खड्ड्यात पडले. रिम वाकली, तारा तुटल्या. तशीच ढकलत खमीसच्या, म्हणजे गुरुवारच्या, बाजारापर्यंत नेली. टोपलीतलं एकही अंडं फुटलं नाही, अल्हमदुलिल्लाह.

गाड्या दुरुस्त करणारे उस्ताद, मालम बीही, यांनी चाक हाताने फिरवून पाहिलं आणि हसले.

“लाल्ला, ही रिम आता भिंतीला टांगा आणि त्यावर कांदे वाळत घाला.”

“या मापाची दुसरी मिळेल ना?”

“कुठून? गाडी तुमच्या लग्नातली असेल.”

“लग्नानंतरची आहे.”

“मग अगदीच नवी हो!”

त्यांच्याकडे एक चाक पडून होतं, गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या कुणाच्या मोडलेल्या गाडीचं. रिम एका इंचाने लहान, टायर मात्र जाडजूड, अजून खूप चालेल असा. वाया जाण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलेलं बरं, म्हणून मी तेच बसवून घेतलं. बसवल्यावर मालम खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. रिम लहान असली तरी टायर इतका जाड, की चाक उलट उंच झालं. त्यामुळे टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यात जागा फार थोडी उरली होती. एकट्या माणसाला चालेल म्हणाले. दोघं बसले आणि खड्डा आला, की टायर वर जाऊन घासणार.

“मग?”

“मग शॉकअप कडक करायचा. स्प्रिंगखाली या पाच खाचा आहेत ना, इथे पाना लावून फिरवायचं. पण किती फिरवायचं ते बसणाऱ्यांच्या वजनावर. दोघं बसता ना?”

“हो. दोघं.”

“मग घरधन्याला घेऊन या. दोघांना बसवतो, मोजतो, लावून देतो.”

मी म्हटलं, ते ईदला येतील तेव्हा गाडी तयार पाहिजे. आल्यावर दुरुस्तीला लावायला वेळ कुठला?

यांनी, बेलईदनी, फोनवर कबूल केलं आहे, या मोठ्या ईदला, बकरी ईदला, नक्की येणार. आणि ईद झाल्यावर आम्ही दोघं गाडीवर वर डोंगरात, त्यांच्या आईच्या कबरीवर जाऊन यायचं. मागच्या मोठ्या ईदनंतर ते आलेले नाहीत. कासाब्लांकाचं दुकान त्यांचं आणि त्यांचे चुलतभाऊ हमाद भावोजी यांचं भागीत आहे. एकाने दुकान सांभाळायचं, दुसऱ्याने गावी घरी राहायचं, चार महिन्यांनी अदलाबदल. आमच्याकडच्या सगळ्या दुकानदारांचं असंच असतं. या वर्षात बेलईदची बारी दोनदा आली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती भावोजींना दिली. एकदा भावोजींचं छत गळत होतं म्हणून, एकदा त्यांच्या मुलाची सुंता होती म्हणून. दुसऱ्यासाठी आपली बारी सोडणारा माणूस विरळा. शेजारच्या तूदाला हे सांगितलं तर ती नुसती “हं” म्हणाली.

शव्वाल १५, शुक्रवार

एकटीसाठी शुक्रवारचा रव्याचा कुसकुस शिजवायचा म्हणजे भांडं लहान घेतलं तरी उरतोच. अर्धा तूदाकडे दिला. तिने विचारलं, “गाडी एवढी ढुंगण वर करून का उभी आहे तुझी?” चाक बदलल्यापासून ती स्टँडवर वेगळीच उभी राहते, खरं आहे. स्टँडखाली एक चपटा दगड ठेवला.

शव्वाल १७, रविवार

बेलईदना फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला.

“तुमचं वजन किती आहे सध्या?”

“काय?”

“वजन, वजन. किलो.”

“सकाळी सकाळी काय हे, रकिया? मला बाजारात विकायला काढलंस का?”

मी चाकाची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, गाडीपायी एवढी धावाधाव कशाला, विकून टाक की. मी म्हटलं, मग आईंच्या कबरीवर कशाने जायचं? मागे कुकर फुसफुसत होता. दुकानात कुकर घेतलेला दिसतो. बरं झालं, बाहेरचं तेलकट खाऊन त्यांना पित्त होतं.

“मागच्या वर्षीचं धर,” शेवटी म्हणाले.

मागच्या वर्षीचं मला माहीत आहे. मेंढा घ्यायला गेलो होतो तेव्हा मेंढ्यांच्या काट्यावर गंमत म्हणून हेही उभे राहिले होते. सदुसष्ट किलो. विकणारा म्हणाला होता, “लाल्ला, हाडं फार निघतील.”

शव्वाल २१, गुरुवार

आज फार हसं झालं.

मालम म्हणाले, माणूस नाही तर तेवढ्या वजनाचं काहीतरी आणा, अंदाजाने मी लावणार नाही. तेव्हा बाजारातल्या धान्यवाल्याकडून जव तोलून घेतले. जव तसेही घरात लागतातच. सदुसष्ट किलोचं पोतं चौघांनी उचलून गॅरेजमध्ये आणलं. मालमनी विचारलं, “चालवणार कोण? ते ना? मग ते पुढे.” आणि पोतं पुढच्या जागी ठेवलं. मी मागे बसायचं. पोतं कलंडायला लागलं.

“लाल्ला, धरा त्याला! घट्ट धरा, नाहीतर तुमचे मालक पडतील!”

धरलं. दोन्ही हातांनी कवळ घालून धरलं. बाजाराचा दिवस, सगळा रस्ता थांबून बघत होता. ताकवाली म्हणाली, “नवरा असावा तर असा, तोंड शिवलेला!” पुदिनावाला म्हणाला, “आणि घरी आल्यावर दळून भाकरीही करता येते!” मला हसू आवरेना. मालम मात्र जमिनीवर गाल टेकून चाकाचा आस आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजपट्टीने मोजत होते. आधी रिकाम्या गाडीचं, मग आम्हा दोघांचं. गाडी फार बसली म्हणाले. एक खाच फिरवली, पुन्हा मोजलं. आणखी एक. पुन्हा बसा, पुन्हा धरा. चौथ्या खाचेवर समाधान झालं.

त्या सगळ्या वेळात माझा गाल पोत्याला टेकलेला होता. उन्हात ठेवलेलं होतं, त्यामुळे ऊबदार होतं. नव्या जवाचा वास येत होता.

मालम हात पुसत म्हणाले, “ही झाली दोघांची गाडी. आता तुम्ही एकट्या चालवाल तेव्हा लाथा मारेल, हे आधीच सांगतो. ईदपर्यंत मऊच ठेवू का? ते आले की पाच मिनिटांत कडक करून देतो.”

“नको. असू दे अशीच.”

“पाठ दुखेल.”

“दुखू दे. ईद काय, आलीच.”

त्यांनी पाना खिळ्याला अडकवला.

शव्वाल २५, सोमवार

खरंच लाथा मारते. अगदी लहान दगडावरूनसुद्धा अशी उसळते की दात वाजतात. अर्गानच्या तेलाची बायकांची सोसायटी आहे तिथे मी हिशेब लिहायला जाते; आज खुर्चीवर नीट बसवेना. तिथल्या बायका म्हणाल्या, मॅट्रिक झालेल्या बाईला एवढं कळत नाही का, सैल करून घे की! मी म्हटलं, आता थोडेच दिवस राहिले.

येताना एक उपाय सुचला. जवाचं पोतं मागच्या सीटवर बांधलं. गाडी एकदम शहाणी झाली, खड्डे गिळत चालली. आता कुठेही जायचं तर पोतं घेऊनच जाते. उतरवायला-चढवायला तूदा मदत करते आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवते.

“अगं, याला उन्हात नको बसवू, रंग उतरेल त्याचा.”

“तू गप उचल.”

“सासरचं नाव काय ठेवलंस याचं?”

गावातली मुलं ओरडतात, बेलईद आला, बेलईद आला! मी रागावत नाही. येणारच आहेत.

जिल्काद ६, गुरुवार

हमाद भावोजी आले होते. त्यांची इथली बारी अजून चालू आहे. बेलईदनी बसने पाठवलेलं कापड आणि चहाची पेटी द्यायला आले. मी त्यांना अंगणात गाडी दाखवली. चौथी खाच, सदुसष्ट किलो, सगळं सांगितलं.

भावोजी मोठ्याने हसले. “सदुसष्ट? वहिनी, कुठल्या जमान्यात आहात! पार गरगरीत झालाय तो. पोट एवढं पुढे आलंय. घरचं जेवण रोज दोन्ही वेळा…”

आणि चहा फुंकायला लागले. चहा गरम नव्हता.

मी म्हटलं, माझा अम्लू असतोच ना त्यांच्याकडे, दर महिन्याला बदाम वाटून, मध-तेल घालून बरणी पाठवते. तेच लागलं असेल अंगाला. भावोजी म्हणाले, “हो, हो, तेच. अम्लूच.” जाताना दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, रागावू नका, पण गाडी तुमच्यापुरतीच लावून घ्या. उगाच पाठ मोडून घेताय.”

मला राग आला. त्यांच्याच घरासाठी यांनी दोनदा बारी सोडली, आणि हे मला येऊन सांगतात गाडी एकटीपुरती लावा. पण भावोजी चांगले आहेत. कापडाबरोबर त्यांच्या बायकोने खजूर पाठवले होते. खाल्ले नाहीत, भिजवून ठेवले.

जिल्काद ९, रविवार

आज तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजेत चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा चुकले, दोनदा पहिल्यापासून सुरू केली. मनात नको ते येतं. ज्याची खात्री नाही ते मनात धरणं हे पाप आहे, हे मला लहानपणी मशिदीतल्या फकीहने शिकवलं. म्हणून ते काय आहे ते इथेही लिहीत नाही.

भांडी घासायच्या साबणाचे उरलेले तुकडे एकत्र दाबून नवी वडी केली.

जिल्काद २०, गुरुवार

मालमकडे गेले होते. चेन घट्ट करून घेतली. विचारलं, नव्वद किलोचा माणूस असला तर? ते म्हणाले, “पाचवी खाचही पुरणार नाही, लाल्ला. या जाड टायरला जागाच नाही. मग लांब शॉकअप बसवावे लागतील, ते दुसऱ्या गाडीचे, कापून-जोडून. का? मालक जाड झाले?”

“नाही. सहज विचारलं.”

“नव्वदचा आला तर एक करा. चढ आला की एकाने उतरायचं.” मालम हसले. मीही हसले.

सदुसष्टच राहू दिलं. माणूस अंदाजाने बोलतो, काटा खोटं बोलत नाही.

जिल्काद २६, बुधवार

बेलईदचा फोन आला. ईदच्या दिवशी सकाळी पोचतो म्हणाले, तीन दिवस राहणार. मी म्हटलं, तीनच? हमाद भावोजी तर पुढच्या आठवड्यात दुकानावर जातायत ना, मग तुमची बारी सुरू होईल. ते म्हणाले, “या वेळी जरा अडचण आहे. दोघंही लागतो दुकानावर. धंदा वाढलाय.”

धंदा वाढला ही अल्लाची मेहरबानी आहे. म्हणजे आता दोघांनाही बारी नाही. भावोजींच्या बायकोला हे कळलं आहे का कोण जाणे. भेटले तर विचारायचं असं ठरवलं आणि नंतर ठरवलं, नको.

घराला चुना मारून घेतला. गाडी धुतली. मडगार्डाच्या आतल्या बाजूला साचलेली माती काढली, तेवढीच जागा वाढेल.

जिल्हज १०, बुधवार. ईद

आले.

टॅक्सीतून उतरताना आधी ओळखलंच नाही मी. तोंड गोल झालंय, गळ्याला घडी पडली आहे. तब्येत चांगली आहे, अल्हमदुलिल्लाह. मेंढा त्यांनीच कापला, हात पूर्वीसारखाच सफाईदार. वाकताना मात्र धाप लागत होती. शर्ट अगदी कडक इस्त्रीचा, कॉलरला आतून शिवण घातलेली. बारीक, एकसारख्या टाक्यांची. चांगला शिंपी मिळालाय वाटतं.

काळीज-गुर्दे कोळशावर भाजले. पोटभर जेवले आणि लगेच झोपले. मी बाजूला बसून पंख्याने वारा घातला. माशा फार आहेत यंदा.

जिल्हज ११, गुरुवार

पहाटे फजरच्या नमाजेनंतर निघालो. ते पुढे, मी मागे. धरायला हात पुढे केले तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांना पोचेनात. पूर्वी पोचत होती.

गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. नदीचं पात्र ओलांडताना पहिल्या खड्ड्यात खालून ‘खर्र’ आवाज आला. मग प्रत्येक खड्ड्याला. रबर जळल्याचा वास यायला लागला.

“काय घासतंय हे?”

“टायर. मडगार्डाला.”

“तुझा मालम गाढव आहे.”

“मालमनी सदुसष्टला लावलंय.”

“मग?”

“तुम्ही सदुसष्ट नाही.”

ते हसले आणि पोटावर थाप मारली. वर डोंगराचा चढ सुरू झाला तेव्हा गाडी थांबवून म्हणाले, “उतर जरा. एवढी चढण चालत ये, टायर फाटेल नाहीतर. वर थांबतो मी.”

ते गेले. मी चालले. रस्ता नागमोडी आहे, एक वळण दुसऱ्याच्या डोक्यावर येतं. वरच्या वळणावर ते गाडी लावून दगडावर बसलेले दिसत होते. मी खालच्या वळणावर बदामाच्या झाडाखाली दम घ्यायला थांबले. वारा नव्हता. डोंगरात वरचं बोलणं खाली अगदी कानाशी येतं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. ते इथेच लहानाचे मोठे झाले. पण इतकी वर्षं शहरात राहून विसरले असतील.

फोनवर बोलत होते. बोलत नव्हते, टाळूला जीभ लावून टकटक आवाज काढत होते, जसं तान्ह्या बाळाला हसवायला काढतात तसं. मग म्हणाले, “कोण आहे? कोण आहे ते? बाबा आहे! हसली का? अगं, फोन तिच्या कानाला लाव ना नीट. हसली?”

मी झाडाखाली उभी राहिले. बदामांची साल फुटायला आली होती. थोड्या वेळाने चालायला लागले, कारण चालणं भागच होतं. मी वर पोचले तेव्हा फोन खिशात होता.

“दमलीस?” त्याने विचारलं.

“नाही.”

पुढचा रस्ता सपाट होता. मी मागे बसले. टायर घासत राहिला.

सासूबाईंच्या कबरीवरचं गवत मी काढलं, पाणी शिंपडलं, सब्जाची फांदी ठेवली. तो बाजूला उभा राहून दुआ मागत होता. मी माझी दुआ पूर्ण केली. मग विचारलं, “मुलगी आहे ना?”

त्याचे तळहात तोंडावरच राहिले.

“हो.”

“नाव आईंचंच ठेवलंत?”

“…हो. इज्जा.”

“चांगलं केलंत.”

पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, हा आमच्याकडचा रिवाज आहे. सासूबाईंचं शेवटचं आजारपण माझ्या हातून गेलं. त्यांना उचलून बसवायची मी, न्हाऊ घालायची मी. त्यांचं नाव पुढे चाललं, हे चांगलंच झालं. मी खोटं बोलले नाही.

तो बोलायला लागला. मी सांगणारच होतो, ईद होऊ दे म्हणून थांबलो होतो, तिला कुणी नव्हतं, दुकानासमोरच राहायची, तुला काही कमी पडू देणार नाही. मी ऐकलं. मूल होत नाही म्हणून तो मला कधी टोचून बोलला नव्हता, हे मला आठवलं. त्या चांगुलपणाबद्दल मी नेहमी दुआ मागत आले. धर्माने पुरुषाला कशाची परवानगी दिली आहे ते मला माहीत आहे, आणि दोघींना सारखं वागवायचं या अटीवर दिली आहे तेही. ती अट त्यालाही माहीत आहे. म्हणून तो खाली बघत होता.

“भावोजींना माहीत होतं?”

“हमादला? हो.”

“तूदाला?”

“तूदाला मी कशाला सांगू?”

तरी माहीत होतं तिला. सगळ्या गावाला असणार. पोतं उचलताना ती कधी कधी एकदम गप्प व्हायची.

निघताना त्याने किल्लीला हात घातला. मी म्हटलं, “आण इकडे. उतारावर दोघांचं वजन नको, टायर जाईल.”

“मग मी?”

“चालत ये. खाली उतारच आहे.”

मी आले. घरी चहा केला तेव्हा त्याच्यासाठी किटलीत ठेवला. तो आला तेव्हा निवला होता, पुन्हा गरम केला नाही.

जिल्हज १२, शुक्रवार

सकाळीच मालमच्या घरी गेले. ईदमुळे गॅरेज बंद. त्यांच्या बायकोने आत बोलावलं, मटण भाजणं चाललं होतं, हातावर तुकडा ठेवला. मालम बाहेर आले, गाडीच्या मागे वाकून मडगार्डाच्या आत बोट फिरवलं. बोट काळं झालं. जळलेलं रबर.

“नव्वद,” ते म्हणाले.

“त्याहूनही थोडे जास्तच.”

ते आत जाऊन पाना घेऊन आले, पण हात मटणाच्या चरबीने माखलेले होते. “तुम्हीच फिरवा. मी सांगतो. किती लावायचं?”

“मी बसते तेवढं.”

चौथीवरून खाली आणायला जोर लागतो. एकेक खाच सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाना हातात उसळतो. पहिलीवर आणलं. मालम म्हणाले, बसा. बसले. गाडी माझ्याखाली जराशी बसली आणि थांबली. त्यांनी अंतर मोजलं, दुसऱ्या खाचेला घ्या म्हणाले, पहिली फार मऊ, कधी बाजाराचं सामान असतं. घेतलं. त्यांची बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, “रकिया, जेवून जा.” मी म्हटलं, घरी माणूस आहे.

येताना नदीचं पात्र लागलं. दगड लागत होते, पण दगडांएवढेच लागत होते.

जुम्म्याच्या नमाजेनंतर त्याची बस होती. पिशवी घेऊन म्हणाला, “फाट्यापर्यंत सोड.”

“गाडी आता एकापुरती लावली आहे.”

तो चालत गेला. मग मला दिसलं, मटणाचा डबा ओट्यावरच राहिला होता. टाकून देण्यासारखा नव्हता, कुर्बानीचं मटण. गाडीवर मागून गेले. तो फाट्यावर सावलीत उभा होता. डबा दिला. त्याने डबा दोन्ही हातांत धरला, म्हणाला, “रकिया, पुढच्या बारीला नक्की येतो. वचन देतो.”

“या. घर तुमचंच आहे. फक्त आधी कळवा. गाडी दोघांसाठी लावून घ्यायची तर मालमना वेळ द्यावा लागतो.”

त्याने डबा पिशवीत ठेवला.

“कळवीन,” म्हणाला.

बस आली, तो गेला. मी वळले. असरची नमाज वेळेवर झाली.